टोमॅटोचं माहेर

वाचकहो, तुमच्यापैकी जे बंगळूरात राहतात त्यांना हा प्रश्न रोजचाच आहे. "नाटी बेका, हायब्रिड बेका?" आमच्या राजाजीनगरात भाजीच्या कुठल्याही गाडीवर टोमॅटोचे दोन ढीग दिसतात. नाटी म्हणजे गावठी. चपटा, पातळ सालीचा, आंबट आणि दोन दिवसांत मऊ पडणारा. हायब्रिड म्हणजे लांबट, टणक, फ्रीजमध्ये आठवडाभर तसाच राहणारा. शेजारच्या कानडी घरांत तिळीसारूला नाटी लागतो, आपल्या टोमॅटोच्या सारालाही नाटीच. कोशिंबिरीला आणि सँडविचला हायब्रिड. दरावरून घासाघीस होते, कधी दर शंभरी ओलांडतो तेव्हा दोन्ही ढिगांकडे नुसतं बघून पुढे जायचं.

पण हे दोन ढीग आपल्याला जितके वेगळे वाटतात तितके ते आतून वेगळे नाहीत. नाटी काय, हायब्रिड काय, चेरी टोमॅटो काय, सगळे एकाच छोट्या कुटुंबातले चुलतभाऊ. शास्त्रज्ञांचा जुना अंदाज असा आहे की टोमॅटोच्या साऱ्या गोतावळ्यात जेवढी आनुवंशिक विविधता आहे, तिच्यातली पाच टक्क्यांहूनही कमी आपल्या लागवडीतल्या टोमॅटोंमध्ये आहे. बाकीची पंचाण्णव टक्के रानात राहिली. ते रान आपल्याकडचं नाही. दक्षिण अमेरिकेत, पेरू, इक्वेडोर, चिली या देशांतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवर आणि गॅलापागोस बेटांवर टोमॅटोची डझनभर रानटी भावंडं वाढतात. काहींची फळं वाटाण्याएवढी, काहींची पिकली तरी हिरवीच, काहींना असा वास की तोंडाजवळ नेणं नको.

ही विविधता मागे कशी राहिली ते समजायला अवघड नाही. टोमॅटो अँडीजमधून मेक्सिकोत गेला, तिथे लोकांनी तो माणसाळवला. तिथून स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला, आणि पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला असं मानतात. प्रत्येक मुक्कामाला मूठभर बी पुढे गेलं आणि उरलेलं मागे राहिलं. शिवाय टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळ धरतं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यात सोयरिकी जुळवत बसल्यासारखं. आपल्याकडे आला तेव्हा लोकांना तो वांग्याचा भाऊबंद वाटला, म्हणून जुन्या मराठीत त्याला वेलवांगी म्हणत. बंगालीत अजून 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगं, हा शब्द आहे. विदर्भातल्या मंडळींच्या तोंडी भेदरं. नाव काहीही असो, पाहुणा आला तो रिकाम्या हाताने आला. रोगांशी लढायचं जे सामान होतं ते त्याच्या माहेरीच राहिलं.

आता बंगळूरकडे वळतो. आपल्या शहराच्या नावावर आयटी आहे, बागा आहेत, एका जातीचे ब्लू द्राक्षही आहेत. विषाणूही आहे हे फार जणांना माहीत नसतं. 'टोमॅटो लीफ कर्ल बेंगलोर व्हायरस' हे त्याचं अधिकृत नाव. या रोगाला आपले शेतकरी पर्णगुच्छ किंवा बोकड्या म्हणतात. पानं आक्रसतात, वाटीसारखी वळतात, झाड खुजं राहतं आणि फळ धरत नाही. विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती पांढरी माशी, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. भारतात या रोगाची नोंद १९४८ सालापासून आहे. कोलार, चिक्कबळ्ळापूर, बंगळूर ग्रामीण हा सगळा टोमॅटोचा पट्टा. उन्हाळी पिकात माशी वाढली की इथे अख्खं शेत हातचं जायचं. फवारण्या करून माशी थोडी कमी होते, संपत नाही, आणि औषधाचा खर्च वाढत जातो. कोलारच्या बाजारात क्रेटच्या क्रेट उतरताना दिसतात, त्यामागे हा जुगार असतो.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठातले वनस्पतिरोगतज्ज्ञ व्ही. मुनियप्पा आणि त्यांचे सहकारी यांनी या रोगावर अनेक वर्षं काढली. त्यांनी लागवडीतले वाण आणि रानटी नातलग असे दोन्ही गोळा करून त्यांच्यावर मुद्दाम रोग सोडून बघितला, आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगाला खरी दाद दिली नाही ती रानटी टोमॅटोंनी. त्यांची ही रोपं बाजारातून आली नव्हती. ती आली होती परदेशी बीसंग्रहांतून, क्रमांक लावलेल्या छोट्या पाकिटांतून. पुढे तैवानमधलं जागतिक भाजीपाला केंद्र आणि ब्रिटनमधली संस्था यांच्याबरोबर काम करून विद्यापीठाने रोगाला तोंड देणारे तीन वाण काढले. संक्रांती, नंदी आणि वैभव. नंदी हे नाव इथल्या नंदी टेकडीची आठवण करून देणारं, आपल्या कानालाही ओळखीचं.

त्याच सुमारास उत्तरेत, हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठात कल्लू आणि बॅनर्जी या दोन शास्त्रज्ञांनी दुसरं एक काम केलं होतं. इक्वेडोर-पेरूच्या डोंगरांतला एक रानटी टोमॅटो आहे, पानाफळांवर चिकट केस असलेला. त्या केसांना अडकून बारीक किडे मरतात. त्याचं फळ हिरवं, खाण्याच्या कामाचं नाही. पण पर्णगुच्छाला तो ऐकत नव्हता. त्याचा नेहमीच्या टोमॅटोशी संकर करून, मग निघालेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा नेहमीच्या टोमॅटोशी संकर करत त्यांनी एच-२४ नावाची ओळ तयार केली. फळ आपलं, प्रतिकार त्याचा. तो प्रतिकार ज्या जीनमुळे येतो त्याला आज जगभर टीवाय-२ म्हणतात. टीवाय-१ आणि टीवाय-३ हे जीन दुसऱ्या नातलगाकडून आलेत, चिलीच्या अटाकामा वाळवंटाच्या कडेला वाढणाऱ्या रानटी टोमॅटोकडून. जिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही अशा ठिकाणचं झाड, आणि त्याचा एक तुकडा आज तुमच्या आमटीत.

'पुन्हा पुन्हा संकर' हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते थोडं सांगतो. पहिल्या संकरातून येणारं रोप निम्मं रानटी असतं. त्याचं फळ लहान, कडवट. त्याला पुन्हा चांगल्या टोमॅटोशी जोडलं की रानटी हिस्सा पाव होतो, मग अर्धा पाव. दर पिढीत शेकडो रोपांवर रोग सोडायचा, जी टिकतील तीच पुढे न्यायची, आणि त्यांतूनही ज्यांचं फळ बरं ती निवडायची. ताक घुसळून लोणी काढण्यासारखं, फक्त एकेक घुसळण एका हंगामाची. कधी कधी संकरच जमत नाही. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना दाद न देणारा एक पेरूचा रानटी टोमॅटो होता. त्याचं आपल्या टोमॅटोशी लग्न लावलं की बी भरायच्या आधीच मरायचं. १९४४ साली अमेरिकेत पॉल स्मिथ यांनी त्या कच्च्या बीतला गर्भ अलगद काढून काचेच्या नळीत पोषक द्रव्यावर वाढवला. त्यातून जगलेल्या एका रोपाचा वंश म्हणजे आज बाजारात असलेले सूत्रकृमीरोधक टोमॅटो. एक रोप. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

राजाजीनगरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर हेसरघट्टा आहे. तिथे भारतीय बागायती संशोधन संस्था १९६७ पासून आहे. तिथले वाण 'अर्का' या नावाने ओळखले जातात. अर्का विकास, अर्का सम्राट, अर्का रक्षक. ए. टी. सदाशिव यांच्या गटाने काढलेला अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो, आणि एका झाडाला १९ किलोपर्यंत फळ लागल्याची बातमी तेव्हा गाजली होती. अशी बातमी प्रत्येक शेतात तशीच उतरते असं नाही, हे शेतकरी वाचकांना सांगायला नको. पण फवारण्या कमी झाल्या हा फायदा खाणाऱ्याचाही आहेच.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हेसरघट्ट्याचं नाव दुसऱ्या कारणाने आठवेल. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी चालू असताना, नारायणगाव, संगमनेर, अकोले या भागांत टोमॅटोची फळं विचित्र रंगायला लागली. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट पट्टे. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. मग टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर भलत्यासलत्या बातम्या सुरू झाल्या की हा टोमॅटो खाल्ल्याने माणसालाच काहीतरी होतं. दर कोसळले. नमुने बंगळूरला या संस्थेत आले, आणि तपासणीत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला, सोबत आणखी दोन. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला होत नाहीत. मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण पुढच्या वेळी तो मेसेज परत फिरणार आहे. पीक मात्र गेलं ते गेलं.

म्हणजे लढाई संपत नाही. विषाणू बदलतो. टीवाय-२ काही ठिकाणी आता पूर्वीसारखा चालत नाही, म्हणून एकाच वाणात दोन-तीन जीन एकत्र घालतात. उद्या नवा रोग आला की पुन्हा रानातल्या नातलगांकडे जावं लागणार. ते तेव्हा असतील का, हा खरा प्रश्न आहे. अँडीजच्या उतारांवर शहरं वाढतायत, खाणी आहेत, शेळ्या चरतायत. एखाद्या रानटी टोमॅटोचा ठावठिकाणा म्हणजे कधी कधी रस्त्याच्या कडेची एक दरड असते. रस्ता रुंद झाला की संपलं.

यासाठीच बियांच्या बँका आहेत, जनुकपेढ्या. बँक म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी भव्य येतं, पण काम बरंचसं आजीच्या साठवणीच्या डब्यासारखं आहे. बी आधी नीट वाळवायचं, इतकं की त्यात पाच-सात टक्केच ओल राहावी. मग ते अॅल्युमिनियमच्या पाकिटात हवाबंद करून उणे १८ ते उणे २० अंशांत ठेवायचं. एक जुना ठोकताळा आहे. बीतली ओल एक टक्का कमी केली की त्याचं आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. टोमॅटोचं बी या बाबतीत गुणी आहे, वाळवलेलं चालतं. आंबा-फणसाचं बी वाळलं की मरतं, त्यांच्यासाठी झाडंच जपावी लागतात. आपली राष्ट्रीय जनुकपेढी दिल्लीत पुसा परिसरात आहे. ती चालवणारी संस्था १९७६ सालची, आणि तिथे चार लाखांहून जास्त बीनमुने आहेत. तिचं एक प्रादेशिक केंद्र आपल्या अकोल्यात आहे.

टोमॅटोच्या रानटी नातलगांचा सर्वांत नावाजलेला संग्रह मात्र कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात आहे. तो उभा केला चार्ल्स रिक यांनी. हा माणूस आयुष्यभर दक्षिण अमेरिकेत फिरून रानटी टोमॅटोचं बी जमवत राहिला. त्यांची एक गोष्ट घरातल्या लहान मुलांना जरूर वाचून दाखवा. गॅलापागोस बेटांवरून रिकनी रानटी टोमॅटोचं बी आणलं आणि पेरलं, तर ते उगवेचना. त्यांनी विचार केला, बेटावर हे फळ खातं कोण? पक्ष्यांना खाऊ घालून पाहिलं, जमलं नाही. मग बेटांवरच्या महाकाय कासवांची आठवण झाली. रॉबर्ट बोमन यांच्या मदतीने बी कासवांच्या पोटातून जाऊ दिलं. कासवाचं सगळंच सावकाश, बी बाहेर यायला एक ते तीन आठवडे लागले. पण शेणातून निघालेलं ते बी भराभर उगवलं. हा प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक प्रयोगशाळेला कासव पाळणं शक्य नाही, म्हणून आता असं कठीण कवचाचं बी अर्धा तास पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवतात. धुण्याच्या कपड्यांना वापरतो तेच. याच बेटांच्या टोमॅटोंतून देठाचा सांधा नसलेला गुण मिळाला, त्यामुळे यंत्राने काढणी करताना फळ देठाशिवाय सुटतं. आणि तिथलेच काही टोमॅटो समुद्राच्या भरतीरेषेपासून चार पावलांवर, खारट वाऱ्यात वाढतात. कोकण किनाऱ्याला आणि खारपाणपट्ट्याला त्याचा उपयोग कधीतरी होऊ शकेल.

दुसरी गोष्ट १९६२ च्या डिसेंबरची. ह्यू इल्टिस आणि डॉन युजेंट हे दोघे पेरूत रानटी बटाटे शोधत हिंडत होते. वाटेत एक झुडूपवजा टोमॅटो दिसला, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बारक्या फळांचा. त्यांनी नमुना घेतला, वहीत ८३२ क्रमांक टाकला आणि थोडं बी रिकना पाठवलं. बटाट्यावाल्यांनी टोमॅटो का उचलावा? पण उचलला. पुढे ती वेगळीच जात निघाली, आणि तिच्याशी केलेल्या संकरांतून टोमॅटोतल्या गराचं, साखरेचं प्रमाण वाढवता आलं. ज्यांनी घरी सॉस केलाय त्यांना याचं मोल लगेच कळेल. पातेलंभर टोमॅटो आटवून वाटीभर सॉस होतो, सगळा वेळ आणि गॅस पाणी उडवण्यात जातो. कारखान्यातही तेच. गर थोडा वाढला तरी लाखो रुपयांचं इंधन वाचतं. इल्टिस यांनी नंतर हिशेब मांडला होता की त्या मूठभर बियांची किंमत अमेरिकन उद्योगाला वर्षाला ८० लाख डॉलर.

आणि पेरूला काय मिळालं? इथे मला गप्प बसवत नाही. काहीच नाही. म्हणून १९९२ नंतर हे देश आपल्या रानातलं बी सहज बाहेर जाऊ देत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. आपणही हळद आणि बासमतीच्या पेटंटांवरून भांडलोच की. पण त्यातून एक पेच झालाय. पिकांचं बी देशादेशांत वाटून घेण्यासाठी २००१ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतही त्यात आहे. त्याच्या ६४ पिकांच्या यादीत बटाटा आहे, वांगं आहे, टोमॅटो नाही. नवं रानटी बी गोळा करणं आता फार कठीण आहे, त्यामुळे पूर्वी जमवलेली पाकिटं हाच मोठा आधार. आणि ती पाकिटं नुसती गारठवून चालत नाही. ठरावीक काळाने बी उगवून पाहायचं, कमजोर झालं असेल तर शेतात लावून नवं बी धरायचं. रानटी जातींत हे वेळखाऊ असतं. काहींना स्वतःचा पराग चालत नाही, मग जाळीच्या घरात पुष्कळ झाडं लावून एकेका फुलाला हाताने पराग लावत बसावं लागतं. हे काम करणाऱ्यांचा पगार थांबला की बी मरतं, कुणाला न कळता. पेढीची इमारत बांधायला पैसे मिळतात, उद्घाटनं होतात. जाळीघरातल्या माणसासाठी दर वर्षी पैसे मागावे लागतात, तिथे सगळ्यांची मूठ आवळते.

आपल्याकडे रानटी टोमॅटो नाही, पण गावठी वाण आहेत, आणि ते घराघरांत टिकले तर टिकतील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी भाजीपाल्याचं आणि धान्याचं गावठी बी जपून गावोगावी वाटलं. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. तुमच्या गॅलरीतही एवढं करता येईल.

एक गोष्ट आधी. हायब्रिडचं बी धरू नका, पुढच्या पिढीत फळं कशीही निघतात. नाटी टोमॅटो घ्या, किंवा अर्का विकाससारख्या सरळ वाणाचं बी हेसरघट्ट्याहून आणा. पाकिटावर टीवाय, व्ही, एफ, एन अशी अक्षरं दिसली तर तो वाण कुठकुठल्या रोगांना तोंड देतो ते त्यात लिहिलेलं असतं. एन म्हणजे सूत्रकृमी, तुमच्या लक्षात आलंच असेल ते कुणाकडून आलं.

सगळ्यांत चांगल्या झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ निवडा. गर पेल्यात पिळा, थोडं पाणी घाला, दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर फेस येईल, वासही येईल, घरचे कुरकुर करतील. बीवरचं बुळबुळीत आवरण त्यामुळे सुटतं. मग गाळणीत धुऊन बशीवर सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटतं. काचेच्या छोट्या बाटलीत भरा, तळाला भाजून गार केलेले चमचाभर तांदूळ टाका, झाकण घट्ट लावून फ्रीजच्या दारात ठेवा. बाटलीवर वाणाचं नाव, कुणाकडून आणलं आणि कोणतं वर्ष एवढं लिहा. तीन-चार वर्षांनी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवून बघा. आठ-नऊ उगवल्या तर बाटली परत जागेवर ठेवा. पाच-सहाच उगवल्या तर त्या वर्षी चार रोपं लावा आणि नवं बी धरा.